कोल्हापूरचा घोटा

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठेचा खेळ आहे आणि पेठेचे मर्म तालमीत आहे, हे परगावच्या वाचकाला आधीच सांगून ठेवलेले बरे. कारण क्लब म्हटले की वर्गणीदार, खुर्च्या-मेजे आणि इंग्रजी नियमावली यांनी सजलेली जी संस्था मुंबईकराच्या डोळ्यांपुढे उभी राहते, तिच्याशी येथल्या संघांचे गोत्र जुळत नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही नावे ऐकून एखाद्याला तांबड्या मातीचा हौदा आणि कसलेले लंगोट आठवले तर त्यात त्याची चूक नाही; तीच नावे छातीवर मिरवीत येथली पोरे राजर्षी शाहू स्टेडियमवर चेंडूमागे धावतात, आणि आपल्या पेठेच्या संघासाठी घसा फोडून घेणारा जनसमुदाय हजारांनी मोजावा लागतो. प्रॅक्टिस क्लबासारखे एखादे इंग्रजी नाव या मांदियाळीत आहे खरे, पण त्याच्या पाठीराख्यांची ईर्ष्याही अस्सल कोल्हापुरीच.

ही सारी ईर्ष्या अखेर ज्या सांध्यावर तोलली जाते तो घोटा मात्र कोणाच्या फारसा खिजगणतीत नसतो. गुडघा गेला म्हणजे खेळाडू घरी बसतो, पेठ हळहळते, शस्त्रक्रियेसाठी वर्गणी गोळा होते. घोटा मुरगळला म्हणजे तोच खेळाडू चार दिवसांनी लंगडत मैदानावर येतो, आठव्या दिवशी खेळतो, महिन्याभरात पुन्हा मुरगळून घेतो, आणि मग ‘त्याचा पाय कच्चा आहे’ हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसतो. हल्ली सामन्यापूर्वी, बूट चढविण्याआधी, घोट्याभोवती पांढरी चिकटपट्टी आवळून घेणारे खेळाडू येथेही दिसू लागले आहेत. त्या पट्टीचा इतिहास लिहावयाचा तर लेखकाला एक पाय वस्तादाच्या तालमीत आणि दुसरा सातासमुद्रांपलीकडच्या इस्पितळात ठेवावा लागतो. अंतर पुष्कळ आहे, पण वाट आहे.

प्रथम तालमीकडे वळू. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतल्यानंतर कुस्तीला दरबाराचा जो उदार आश्रय मिळाला, त्याने कोल्हापूर ही मल्लविद्येची राजधानी बनली. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज विलायतेस गेले असता रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांच्या मनात खासबागेच्या मैदानाची कल्पना आली असे सांगतात; ते मैदान १९१२ मध्ये उभे राहिले आणि आजही उभे आहे. ज्या गावात शेकडो जवान रोज पहाटे एकमेकांचे हातपाय पिळतात, त्या गावात सांध्यांचे एक घरगुती वैद्यक आपोआप जन्मास येते. वस्ताद हा शिक्षक असे तसाच वैद्यही असे. पाय मुरगळलेल्या पठ्ठ्याला तो समोर बसवी, त्याची टाच आपल्या मांडीवर घेई, अंगठ्याने घोट्याभोवती चाचपून दुखरी जागा हेरी, आणि हाड जागचे हललेले नाही अशी खातरजमा झाली की लेपगोळी सहाणेवर उगाळून, तो काळपट लेप पळीत कोमट करून, घोट्यावर त्याचा जाड थर देई. लेपगोळी नसेल तर आंबेहळद आणि तुरटी चाले. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून त्याचा शेक, त्यावर एरंडाचे पान, आणि सर्वांच्या वर जुन्या धोतराची फाडलेली पट्टी, घट्ट गुंडाळून गाठ मारलेली.

या उपचारात गुण किती आणि वस्तादावरील श्रद्धा किती, याची वाटणी करणे कठीण आहे. लेप वाळताना आवळला जातो, पट्टीने सांधा हलत नाही, आणि या दोहोंनी सूज आटोक्यात राहते, हे फायदे खरेच होते. परंतु लेपाच्या आधी तेल लावून पाय खसाखसा चोळून काढण्याची जी रीत अनेक ठिकाणी होती, ती अपायकारक होती हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे; कारण ताज्या मुरगळीत सांध्याचे बंध फाटलेले असतात, आणि त्यांना रगडल्याने आतला रक्तस्राव वाढतो, घटत नाही. पहिल्याच दिवशीच्या शेकाबद्दलही हेच म्हणता येईल. तथापि वस्तादाला हसण्याची घाई कोणी करू नये. १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर ठेवणे ही चतुःसूत्री प्रचारात आणणारे अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी पुढे उतारवयात बर्फाविषयीचा आपला आग्रह स्वतःच मागे घेतला. दाब मात्र राहिला, आणि दाब हा धोतराच्या पट्टीतही होता.

पट्टी बांधण्याची विद्या वस्तादाहून फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत बंधांचे चौदा प्रकार सांगितले असून त्यांपैकी स्वस्तिक नावाचा बंध, ज्याचे वेढे एकमेकांस छेदून जातात, तो सांध्यांच्या ठिकाणी योजावा असे म्हटले आहे. आजचा फिजिओथेरपिस्ट घोट्याभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे जे वेढे घेतो त्यांचा तो पूर्वज मानण्यास हरकत नसावी. त्याच ग्रंथात पाऊल आणि पोटरी यांच्या संधीवरील गुल्फ हे मर्मस्थान गणले आहे, आणि तेथे आघात झाल्यास वेदना, पायाला ताठरपणा किंवा लंगडेपणा येतो अशी नोंद आहे. कोल्हापूरच्या कोणत्याही फुटबॉलपटूने ही तिन्ही लक्षणे मान डोलावून मान्य करावीत. एवढ्यावरून सर्व काही आपल्याकडे आधीच होते असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत बसण्याची माझी मुळीच इच्छा नाही. सुश्रुताचा बंध जखमी माणसाला स्वस्थ ठेवण्यासाठी होता. फुटबॉलची पट्टी त्याला पळविण्यासाठी आहे, आणि हा भेद लहान नाही.

फुटबॉल हिंदुस्थानात आला तो पलटणींच्या आणि इंग्रजी शाळा-कॉलेजांच्या वाटेने. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ पासूनची, आणि तिच्यावर आरंभीची कित्येक वर्षे गोऱ्या पलटणींचाच अंमल होता. देशी खेळाडू बहुधा अनवाणी खेळत. त्याला कारण बुटाची किंमत हे होतेच, पण उघड्या पायाला चेंडू अधिक कळतो ही त्यांची पक्की समजूतही होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध उतरलेल्या भारतीय संघातील बहुतेक गडी अनवाणी होते, काहींनी पावलाला व घोट्याला नुसत्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. त्यांनी दोन पेनल्टी दवडल्या आणि सामना १-२ असा गमावला, पण प्रेक्षकांनी त्यांचे कौतुक केले. चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने याच अनवाणी परंपरेचा १०-१ असा धुव्वा उडविला, आणि त्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. कोल्हापूरच्या वाचकाला हेलसिंकी आठवते ती वेगळ्या कारणाने: त्याच १९५२ च्या जुलै महिन्यात राजाराम कॉलेजचा विद्यार्थी खाशाबा जाधव याने तेथे कुस्तीचे कांस्यपदक जिंकले, आणि त्याच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले ही हकीकत येथे घरोघरी माहीत आहे. एकाच शहरात, एकाच महिन्यात, तालमीतल्या मातीवर घडलेला देह विजयी ठरला आणि अनवाणी फुटबॉलचे युग संपले, हा योगायोग इतिहासकाराने टिपून ठेवण्याजोगा आहे.

बूट आले म्हणजे घोटा सुरक्षित झाला असे मात्र नाही. अनवाणी पाय घसरतो. खिळ्यांचा बूट पावलाला जमिनीत रोवून धरतो, आणि वरचे शरीर वळते तेव्हा तो पीळ कोठल्या ना कोठल्या सांध्याला सोसावा लागतो. जुन्या विलायती बुटांची कातडी भिंत घोट्याच्या वर चढलेली असे, त्यामुळे तो बूट जड आणि ताठर असला तरी एक प्रकारचा बंदोबस्त त्यात होता. १९५० च्या विश्वचषकासाठी ब्राझीलला गेलेल्या स्टॅन्ले मॅथ्यूजने तेथील हलके, ठेंगणे बूट पाहिले आणि इंग्लंडात परतल्यावर तसाच जोड बनवून घेतला. १९५४ मध्ये बर्नच्या चिखलात पश्चिम जर्मनीने हंगेरीचा पराभव केला तेव्हा आडी डासलरने बनविलेल्या, फिरकीचे खिळे बसविता येणाऱ्या हलक्या बुटांची कीर्ती जगभर झाली. बुटाची भिंत घोट्याखाली उतरली, खेळाडूचा वेग वाढला, आणि जे काम चामडे करीत होते ते कोणावर तरी सोपविणे भाग पडले. पट्टीचा उदय या रिकाम्या जागेत झाला.

घोटा मुरगळतो कसा, हे येथे सांगितल्यावाचून पुढचा मजकूर समजणार नाही. पोटरीची दोन हाडे खाली येऊन एक चौकट बनवितात आणि तिच्यात टाचेवरचे हाड पाचरीसारखे बसते. ही पाचर पुढे रुंद व मागे अरुंद असल्याने पाऊल वर उचललेले असताना चौकटीत घट्ट बसते आणि बोटे खाली रोखलेली असताना सैल होते. फुटबॉलपटू चेंडूला पावलाच्या पाठीने लाथ मारतो किंवा उडी मारून उतरतो तेव्हा बोटे खालीच रोखलेली असतात. त्या क्षणी खड्ड्यात किंवा दुसऱ्याच्या पायावर पाऊल पडले की तळवा आत वळतो, बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात, आणि त्यांतला सर्वांत पुढचा बहुधा प्रथम फाटतो. पोटरीच्या बाहेरील स्नायूंनी पाऊल परत ओढून घ्यावे अशी निसर्गाची योजना आहे. परंतु स्नायूला हुकूम पोहोचेपर्यंत मुरगळ होऊन गेलेली असते. शिवाजी पेठेतील गांधी मैदान असो की उपनगरातले एखादे उघडे रान, सरावाची जमीन पावसाळ्यात चिखलाची आणि उन्हाळ्यात दगडाची असते, आणि चिखलात उमटलेले खाचखळगे ऊन पडले की तसेच टणक होऊन राहतात, हे लक्षात घेतले म्हणजे येथले इतके घोटे का दुखावतात याचे निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

आता चिकटपट्टी. हॅम्बुर्गचा औषधविक्रेता पाउल बायर्सडॉर्फ याने १८८२ मध्ये औषधी लेप कापडावर बसविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि त्याच्याच नावाच्या कंपनीने १९०१ मध्ये जस्ताच्या भस्माचा अंश असलेली, कातडीला फारशी न बोचणारी चिकटपट्टी बाजारात आणली. दरम्यान १८९५ मध्ये न्यूयॉर्कचे अस्थिशल्यवैद्य व्हर्जिल गिबनी यांनी मुरगळलेला घोटा पट्ट्यांनी विणून काढावा आणि रोग्याला कुबड्यांवाचून कामावर पाठवावे, असे प्रतिपादन केले. टोपलीच्या विणीसारखी त्यांची ती पद्धत सव्वाशे वर्षांनंतरही मूळ धरून आहे. खेळाडू मेजावर बसतो, पाऊल पोटरीशी काटकोनात धरतो, आणि ते तसेच धरून ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे, कारण सैल पायावर बांधलेली पट्टी सैलपणच बांधून ठेवते. प्रथम पोटरीवर एक आडवा वेढा. मग आतल्या घोट्याकडून निघून टाचेखालून बाहेरच्या घोट्याकडे वर ओढलेली उभी पट्टी, म्हणजे पावलाची बाहेरची कड जराशी उचलली जाते. तिला छेदणारी आडवी पट्टी. पुन्हा उभी, पुन्हा आडवी. आणि शेवटी टाचेला कुलूप घालणारे तिरपे वेढे. दीड इंच रुंदीच्या पट्टीचे अर्धे भेंडोळे एका पायाला सहज खपते. मध्ये एक सुरकुती राहिली तर उत्तरार्धात तेथे फोड हमखास येतो, आणि पट्टी उपटून काढताना पायाचे केस तिच्याबरोबर निघतात, हे ज्याने एकदा भोगले तो पुढच्या वेळी वस्तरा घेऊन येतो.

ही वीण घोट्याला किती वेळ धरून ठेवते? १९६२ मध्ये अमेरिकेत रॅरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे मोजमाप केले, तेव्हा दहा मिनिटांच्या जोरदार हालचालीनंतर पट्टीचा सुमारे ४० टक्के आधार नाहीसा झाल्याचे आढळले. सामना नव्वद मिनिटांचा असतो. मग पट्टी निरुपयोगी ठरावी. पण १९७३ मध्ये गॅरिक आणि रेक्वा यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातील बास्केटबॉल खेळाडूंच्या दोन मोसमांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा पट्टी बांधलेल्यांच्या मुरगळी न बांधलेल्यांच्या निम्म्याहून कमी निघाल्या. सैल झालेली पट्टी पाय राखते कशी, या कोड्याचे जे उत्तर अभ्यासकांनी सुचविले ते मला पट्टीच्या साऱ्या इतिहासातील सर्वांत रोचक वाटते: ती पायाला बांधून ठेवण्याइतकीच, किंबहुना अधिक, त्याला जागे ठेवते. कातडीवरचा ताण पाऊल कोठे व कसे पडत आहे याची मेंदूला वर्दी देत राहतो. १९६५ मध्ये इंग्लंडात फ्रीमन यांनी मांडले होते की मुरगळीत बंधांबरोबर त्यांतील संवेदनवाहक तंतूही दुखावतात, आणि बंध सांधल्यावरही घोटा आंधळा राहतो, म्हणून तो पुन्हापुन्हा दगा देतो.

खेळाडूंचा स्वतःचा आक्षेप निराळाच असतो. पट्टीने पाय जखडतो, वेग जातो, उडी कमी पडते, चेंडू कळत नाही, अशी तक्रार मैदानावर सर्रास ऐकू येते. त्यांपैकी पहिल्या तिन्हींचा निकाल लागलेला आहे: अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली असता धाव, वळण व उडी यांवर पट्टीचा किंवा घोट्यावर चढवावयाच्या तयार आधारपट्ट्याचा परिणाम फार तर शेकडा एकाच्या आसपास भरतो. जागतिक स्पर्धेतील धावपटूला तो जाचेल; आपल्या पेठेच्या साखळी सामन्यात पहिल्या अर्ध्या तासात धाप लागणाऱ्या आघाडीच्या खेळाडूने त्याची फिकीर करू नये. चेंडू न कळण्याची तक्रार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती सवयीशी निगडित आहे. ज्याने सराव उघड्या घोट्याने केला आणि पट्टी फक्त अंतिम सामन्याच्या दिवशी बांधली, त्याला पाय परका वाटणारच.

फुटबॉलपुरते बोलावयाचे तर दोन निरीक्षणे निर्णायक आहेत. १९८५ मध्ये स्वीडनच्या फुटबॉल संघांचा अभ्यास करताना ट्रॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन गट पाहिले: ज्यांना काहीच दिले नाही त्यांच्यापैकी १७ टक्के खेळाडूंचे घोटे मुरगळले, आधारपट्टा वापरणाऱ्यांपैकी ३ टक्के, आणि डगमगत्या फळीवर एका पायाने तोल सांभाळण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी ५ टक्के. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पाचशेहून अधिक फुटबॉलपटूंवर आधारपट्ट्याची परीक्षा झाली. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला होता त्यांच्यात नव्या मुरगळी सुमारे पाचपटीने घटल्या, आणि ज्यांचा कधीच मुरगळला नव्हता त्यांना पट्ट्याचा काही लाभ झाला नाही. म्हणजे सर्व अकरा गड्यांना सरसकट पट्टी गुंडाळणे ही हौस आहे. एकदा दुखावलेल्या पायाला ती न गुंडाळणे हा निष्काळजीपणा आहे. आणि फळीवरच्या व्यायामाला तर भेंडोळेही लागत नाही. तालमीच्या हौद्यातली भुसभुशीत माती पायाखाली सदैव हलती असते, आणि तिच्यावर उघड्या पायांनी तासन्‌तास वावरणाऱ्या पठ्ठ्याच्या घोट्याला हा तोलाचा अभ्यास नकळत घडत असला पाहिजे, असे मला वाटते. फुटबॉलची पोरे तालमीचे नाव छातीवर घेतात पण तालमीच्या मातीत उतरत नाहीत, हा त्यांचा तोटा आहे.

याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. त्या पातळीवरच्या खेळाडूच्या पायामागे वैद्य, फिजिओथेरपिस्ट, मालिशवाला असा सरंजाम असतो. पेठेतल्या संघात हे सारे काम बहुधा मैदानाच्या कडेला स्प्रेची बाटली घेऊन बसलेल्या एका उत्साही कार्यकर्त्याकडे येते. विश्वचषकाच्या वर्षी मेस्सी, रोनाल्डो आणि नेमार यांचे दुमजली फलक चौकाचौकांत उभारणाऱ्या या गावाला चिकटपट्टीची भेंडोळी परवडत नाहीत असे मी मानीत नाही.

स्वीडनचे आणि दक्षिण आफ्रिकेचे निष्कर्ष कोणा प्रतिभावंताला स्वप्नात सुचलेले नव्हते. कोणाचा पाय केव्हा मुरगळला हे मोसमभर कोणीतरी लिहून ठेवले म्हणून ते हाती आले. तेव्हा कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळीत उतरणाऱ्या प्रत्येक तालमीच्या चालकांना विनंती एवढीच की, वर्गणीच्या आणि हिशेबाच्या चोपड्यांशेजारी आपल्या दप्तरात आणखी एक वही ठेवावी: खेळाडूचे नाव, कोणता घोटा, कोणत्या तारखेला, कोणत्या मैदानावर, आणि परत खेळायला किती दिवसांनी उतरला. ज्याचे नाव त्या वहीत असेल त्याला वर्षभर पट्टी बांधावी, सरावातही बांधावी, आणि रोज सकाळी दात घासताना त्याला एका पायावर उभे राहावयास सांगावे.